उखळातला कुरळा केस

आमच्या घरात चपला घालून आत आलेलं एकवेळ खपायचं, पण मोकळ्या डोक्यानं उखळाजवळ गेलेलं खपायचं नाही. शुक्रवार पेठेतलं आमचं घर म्हणजे पुढं एक खोली, मागं एक खोली आणि मागच्या खोलीवर लाकडी फळ्यांचा पोटमाळा. मागच्या खोलीत जमिनीत पुरलेलं दगडी उखळ होतं. त्या उखळावर आमचं घर चालायचं. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी, हा आमचा धंदा. सकाळी अप्पांची लिंगपूजा आटोपून कपाळावर विभूती वाळते न वाळते, तोच मागं मुसळ सुरू व्हायचं. आधी दाणे फुटतानाचा कोरडा आवाज, मग तिखट-लसूण पडल्यावरचा जड, आणि शेवटी तेल सुटलं की चिकट, ओला, दमल्यासारखा. आवाजावरून चटणी कुठवर आली ते मला अंथरुणातून कळायचं. आजही कुणाच्या घरात काही कुटताना ऐकलं की मी बोलता बोलता थांबते आणि तेल सुटायची वाट बघते.

माणसं मोजकी. अप्पा सायकलवरून दुकानांना पुड्या पोचवायचे. अव्वा, म्हणजे माझी आई, भाकरी करायची; तिच्या भाकरीतून उजेड दिसायचा इतकी पातळ. धाकटा काका भट्टीवर दाणे भाजायचा, आणि काकाची बायको ती चिगव्वा. घरात अर्धी कानडी, अर्धी मराठी. धाकट्या चुलतीला आम्ही चिगव्वाच म्हणायचो. ती करकंब गावची. मुसळ तिच्या हातात असायचं. दंड भरलेले, हसणं मोठं आणि जीभ त्याहून मोठी. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं, आणि हे कुणी काढलं की ती म्हणायची, "भट्टी ह्यांची हाय, दाणं भाजल्याबिगर चटणी मी कशाची कुटू?" काका खाली मान घालून हसायचा. अव्वा हसायची नाही. चिगव्वाचे केस कुरळे, दाट, ऐकत नसल्यासारखे. डोक्याला कितीही घट्ट फडकं बांधलं तरी कानामागून एखादी बट बाहेर यायचीच. अव्वाचं लक्ष त्या बटेवर असायचं, भाकरी थापताना सुद्धा.

पहिला केस कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं परत दिला. पुडी उघडी, वर चटणी, चटणीत केस. अप्पांसमोर ती धरून तो मोठ्यानं म्हणाला, "अप्पा, चटणीबरोबर गंगावन फुकट देताय काय? आदी सांगायचं न्हवं, बायकोला पाठवलं असतं." दुकानातली गिऱ्हाईकं हसली. अप्पांनी पुडी घेतली, दोन नव्या दिल्या, आणि घरी येऊन ती उघडी पुडी उखळाच्या काठावर ठेवली. काही दिवसांनी दुसरा केस निघाला, मग तिसरा. घराचा सूरच बदलला. भाकरीचं पीठ दोनदा चाळायचं, दाणे सुपात घेऊन उजेडात न्यायचे, डोक्याला एकाच्या जागी दोन फडकी. आणि सगळ्यांचे डोळे सगळ्यांच्या डोक्याकडं. जेवताना काका सुद्धा घास तोंडाजवळ नेऊन क्षणभर थांबायचा. अव्वा चिगव्वाच्या मागून जाताना तिच्या पाठीवरचं काहीतरी उचलल्यासारखं करायची. चिगव्वा म्हणायची, "काय सापडलं व्हय, जाऊबाई? सापडलं तर मला बी दावा."

आता माझ्या हाताबद्दल सांगायला हवं. इतकी वर्षं ते टाळण्यातच गेली.

मी दहावीत होते. घरात शिकणारी मी एकटी, म्हणून पोटमाळा मला मिळाला होता. शेंगांच्या पोत्यांना टेकून, फळ्यांवर पाय पसरून मी वाचत बसायची. खाली मुसळ, वर मी. वाचता वाचता डावा हात डोक्यावर जायचा. माझे केस सरळ, मऊ, खोबरेल पिऊन पडलेले. पण त्या सरळ केसांमध्ये अधूनमधून एखादा वेगळा असतो, जाडसर, मुरडलेला, बोटाला खरखरीत लागणारा. बोटं तो शोधायची. सापडला की त्याच्याशिवाय जगात दुसरं काही उरायचं नाही. चिमटीत धरायचा, ओढायचा, एक बारीक टच व्हायचा; दुखायचं नाही, उलट कुठंतरी घट्ट बांधलेलं सैल झाल्यासारखं वाटायचं. मुळाशी पांढरा ओला ठिपका असायचा, तो ओठावरून फिरवायचा. मग टाकून द्यायचा. मग दुसरा.

हे मला माहीत होतं का, असं मला पुढं एका बाईनं विचारलं. माहीत होतंही आणि नव्हतंही. दोनचार केस आपण ओढतो एवढं माहीत होतं. पानं संपायची तेव्हा मांडीवर, पुस्तकाच्या घडीत जे पडलेलं असायचं ते दोनचारांपेक्षा कितीतरी जास्त असायचं. ते मी झटकायची आणि झटकलं की विसरायची. हात करत होता आणि मी वाचत होते. ज्यांना हे नाही त्यांना ही गोष्ट खोटी वाटते. मलाही कुणी सांगितली असती तर मी संशयच घेतला असता. माथ्यावर रुपयाएवढी जागा उघडी पडली होती, तिच्यावरून मी केस ओढून घ्यायची आणि रिबीन घट्ट बांधायची. आणि माझ्या खाली फळ्या होत्या. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती. फटीखाली उखळ होतं. इतकं सोपं होतं ते. पण आमच्या घरात सगळे एकमेकांच्या डोक्याकडं बघत होते, वर कुणी बघत नव्हतं.

एका संध्याकाळी अप्पांनी मला पुढच्या खोलीत बोलावलं. पांढऱ्या कागदावर तीन केस ठेवलेले होते. "लीला, तू शिकलेली हायस. बघ, कुनाचे." मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. मी ते खिडकीपाशी नेले. अव्वाचे केस पिकलेले, हे काळे. म्हणजे अव्वा नाही. माझे सरळ, हे मुरडलेले. म्हणजे मी नाही. अप्पांचे आणि काकाचे बारीक कापलेले. मी कागद परत दिला आणि शाळेत गणित सोडवून दाखवावं तसं म्हणाले, "हे कुरळे हायत. चिगव्वाचे." तेव्हा मी खोटं बोलले नव्हते, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे. माझ्या डोक्यातले कुरळे केस तेवढे वेचून बाहेर काढणारी मीच होते, आणि उरलेल्या सरळ केसांच्या जोरावर मी स्वतःला निर्दोष ठरवलं होतं. या दुखण्याचा हा डाव मला समजायला अर्धं आयुष्य लागलं.

दुसऱ्या दिवशी मुसळ चिगव्वाच्या हातातून गेलं. अव्वा स्वतः कुटायला बसली. चिगव्वाला पुढच्या खोलीत शेंगा फोडायला बसवलं. ती शेंगा फार जोरात फोडायची. आणि चार दिवसांनी पुन्हा केस निघाला. मुसळ अव्वाच्या हातात असताना, चिगव्वा उखळाच्या आसपास नसताना, कुरळा केस. आता खरं म्हणजे चिगव्वा सुटायला हवी होती. पण तिथंच शेजारच्या गौराबाईनं तोंड उघडलं. ती चटणी न्यायला आली होती. केस बघून तिनं पदर तोंडाशी नेला. "हात न लावता केस आत येतोय म्हणजे काय, अव्वा? तुमी भोळ्या हायसा. मूल न्हाय बाईला. दुसऱ्याचं भरलेलं घर बगवत न्हाय अशांना. करनी हाय ही." अव्वा तिला गप्प करेल असं मला वाटलं. अव्वानं दाराच्या वर लिंबू बांधलं. बांधताना तिचा हात थरथरत होता, एवढं मला आठवतं. तो भीतीनं थरथरत होता असं मी पुढची चाळीसेक वर्षं समजत होते.

त्या आठवड्यात घरात कुणीही चिगव्वाच्या हातचं पाणी प्यायलं नाही. तसं कुणी म्हटलं नाही. फक्त ज्याचं त्यानं उठून घेतलं. काकानंही. मी बघत होते. तो माठाकडं जाताना तिच्याकडं बघत नव्हता.

मग ती एका दुपारी शेंगांचं पोतं काढायला पोटमाळ्यावर आली. अव्वा देवळात गेली होती. शिडीचा आवाज झाला असणारच. मी ऐकला नाही. माझ्या बोटांना एक सापडला होता. मी ओढला, ओठावरून फिरवला, आणि मान वर केली तर शिडीच्या तोंडाशी चिगव्वाचं डोकं. किती वेळ ती बघत होती कोण जाणे. ती वर आली, वाकून बसली. माझ्या मांडीवरच्या पुस्तकाच्या घडीतून तिनं चिमटीनं केस उचलले, तळहातावर घेतले आणि फटीतून येणाऱ्या उजेडात धरले. मग वाकून त्या फटीतून खाली बघितलं. खाली उखळ होतं.

"ही केसं माजी म्हनून सांगितलीस व्हय गं?"

मी रडायला लागले. ती म्हणाली, "सुम्म कूड. गप बस. रडायचं माजं हाय, तुजं न्हाय." मग तिनं माझी रिबीन सोडली. माथ्यावरची जागा बघून तिचा चेहरा बदलला. बोटानं तिनं ती चाचपली, हलकेच, गरम तवा चाचपावा तशी.

"दुखत न्हाय व्हय?"

"न्हाय."

"मग काय वाटतं?"

"बरं वाटतं."

"आनि मग?"

"मग वाईट वाटतं."

तिनं माझी रिबीन बोटाला गुंडाळली. "येडी हायस," ती म्हणाली, पण ते शिवीसारखं नव्हतं. "माजी मावशी अंगठ्याची कातडी खायाची. रक्त येईस्तोवर. तिला मारलं, मिरची लावली, चटके दिले. लगीन झालं तरी खातच व्हती." मग एकदम सूर बदलला. ती संत वगैरे नव्हती, तिला तिचं घर वाचवायचं होतं. "हे बग. मी तुज्यासाटी घर सोडनार न्हाय. सोमवारी तुजी अव्वा सिद्धेश्वराला जाऊन येती. आली की तू सांगायचं. तू न्हाय सांगितलंस तर मी सांगती." जाताना पोत्यात हात घालून तिनं ओंजळभर शेंगा माझ्या ओच्यात टाकल्या. "वाचताना फोडत बस. हाताला काम न्हाय म्हनून त्यो डोस्क्यात जातोय."

इतक्या वर्षांत मला मिळालेला हा पहिला सल्ला आणि, आता कळतं, बराचसा बरोबर. त्या दोन-तीन दिवसांत मी शेंगा फोडत वाचलं. टरफलाचा कडकन आवाज त्या टचच्या जवळपास जायचा. केस कमी पडले. पण पूर्ण थांबले नाहीत, आणि सोमवार जवळ येत होता, आणि सोमवार जवळ येऊ लागला तसा हात जास्तच जाऊ लागला. हेही या दुखण्याचंच. कुणी मुदत घातली की ते मुदतीवर पोसतं.

सोमवारी अव्वा देवळातून आली. सगळे मागच्या खोलीत जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, शेंगांची आमटी, ताटाच्या कडेला आमचीच चटणी, आणि प्रत्येकजण चटणी पसरून बघत होता. चिगव्वानं माझ्याकडं बघितलं. मी भाकरीचा तुकडा मोडला, आणखी मोडला. तिनं थोडी वाट बघितली. मग ती उठली, माझ्या मागं आली आणि रिबीन ओढून माझं डोकं उजेडाकडं वळवलं.

"बगा. केस हितनं येतात. पोरगी सोता उपटती, माळ्यावर बसून. फळीतनं खाली पडतात. मी डोळ्यानं बगितलं."

अप्पा उठून उभे राहिले. काकाचा घास हातातच. माझ्या माथ्यावरची ती जागा, उघडी, सगळ्यांच्या समोर. आणि अव्वा ओरडली. तिनं ताट ढकललं, माझं डोकं छातीशी धरलं आणि चिगव्वाकडं बोट करून म्हणाली, "पोरीच्या डोस्क्यावर केलंस! चटणीवर भागलं न्हाय म्हनून माज्या पोरीचे केस खाल्लेस!"

मी आजवर किती वेळा हा क्षण उलटापालटा करून बघितला आहे. चिगव्वानं पुरावा म्हणून माझं डोकं दाखवलं आणि तोच पुरावा तिच्यावर उलटला. पोरीचं टक्कल म्हणजे करणीची खूण. आमच्या पेठेतल्या कुठल्याही घरात त्या वेळी असंच झालं असतं. आपल्याच पोरीनं आपल्याच हातानं केस उपटले यावर कुणाचा विश्वास बसणार होता? चिगव्वाला हे उमगलं. ती एकदम थकल्यासारखी म्हणाली, "तिलाच विचारा की."

अप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका मऊ होता. "लीला. खरं सांग. तू उपटतीस?"

अव्वाची बोटं माझ्या केसांत होती. त्यांची पकड घट्ट झाली.

"न्हाय," मी म्हणाले. "चाई लागली."

चाई म्हणजे डोक्यात गोल चकत्या पडतात ते. आमच्याकडं म्हणायचे, किडा रात्री केस खाऊन जातो. मी किड्याचं नाव घेतलं. चिगव्वानं स्वतःच्या डोक्याचं फडकं सोडलं, घडी केली आणि उखळाच्या काठावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी काका तिला एस.टी.त बसवून आला. "थोडे दिवस माहेरी," असं ठरलं होतं. काकानं पिशवी धरली होती आणि तो तिच्या दोन पावलं पुढं चालत होता. ती दारातल्या लिंबाखालून जाताना मुद्दाम थांबली, वर बघितलं आणि म्हणाली, "सुकलंय. बदला." ते थोडे दिवस संपले नाहीत. काका अधूनमधून करकंबला बाजाराच्या दिवशी जायचा आणि गप्प होऊन यायचा. तिला आणतो असं तो कधी म्हणाला नाही आणि तिकडं राहतो असंही नाही. तो वारला तेव्हा ती आली, उंबऱ्याच्या बाहेर बसली, आणि तिथूनच गेली.

ती गेल्यावर चटणीत केस निघाला नाही. एकही नाही. गौराबाई म्हणाली, "बगा." अप्पांनी मान हलवली. मीही त्यात समाधान मानलं. म्हणजे कदाचित माझे नव्हतेच ते. असं मनाला सांगायला सुद्धा मी सुरुवात केली होती. माझ्या डोक्याला रोज लसूण चोळायचे. आग व्हायची, वास यायचा, शाळेत पोरी नाक धरायच्या. मी ती शिक्षा मुकाट सोसली आणि तिलाच प्रायश्चित्त समजले. रात्री त्याच बोटांनी पुन्हा शोधायची.

मग लग्न, मुलगी, पस्तीस वर्षांचं स्वयंपाकघर. डोक्यावर पदर घ्यायच्या घरात पडले हे माझं नशीब म्हणायचं. नवऱ्याला वाटायचं मी फार मर्यादशील आहे. मला माणसांचा संशय यायचा. मागं कुणी बसलं की वाटायचं, बघतंय. पार्लरच्या, फोटोच्या, वाऱ्याच्या जागा मी टाळल्या. मुलीची वेणी घालताना तिच्या केसांवरून बोटं फिरवायलाही मी घाबरायची. अखेर तिनंच मला ओढत कातडीच्या डॉक्टरकडं नेलं. मी सवयीनं म्हणाले, चाई आहे, जुनी. त्या तरुण डॉक्टरनं भिंगातून बघितलं आणि म्हणाला, "चाईची जागा गुळगुळीत असते, मावशी. इथं खुंट आहेत, एकेक वेगळ्या उंचीचा." मग जरा थांबून, भिंग पुसत, माझ्याकडं न बघता म्हणाला, "हात जातो का?"

त्यानं "उपटता का" असं विचारलं नाही. हात जातो का, असं विचारलं. मी आयुष्यात पहिल्यांदा "हो" म्हणाले. बाहेर आल्यावर मुलीच्या खांद्यावर डोकं ठेवून रस्त्यात रडले. याला नाव आहे, हे पुष्कळांना असतं, बहुतेकांचं माझ्यासारखंच शाळेच्या वयात सुरू होतं, यात वेड नाही आणि हट्टही नाही, हे त्यानं सांगितलं. मग ज्या बाईंकडं त्यानं पाठवलं त्यांनी मला आधी फक्त बघायला शिकवलं. हात कधी निघतो? वाचताना, फोन कानाला असताना, कुणी दुखावलं की. निघाला की त्याला दुसरं काम. बोटाला चिकटपट्टी, मुठीत काहीतरी खरखरीत. घरच्यांना त्यांनी एवढंच सांगितलं की "हात खाली" म्हणून ओरडू नका, पडलेले केस मोजू नका. मी मनात म्हणाले, शेंगा. आम्हाला हे करकंबच्या बाईनं सांगितलं होतं. अजूनही माझा हात जातो. काही महिने बरे जातात, काही नाही. पण आता मी झटकून विसरत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी करकंबला गेले. चिगव्वा भाच्याच्या घरात असते. केस पांढरे झालेत पण अजून कुरळेच, अजून ऐकत नाहीत. मी सांगायला लागले तर तिनं हातानं थांबवलं, मला खाली बसवलं, माझा पदर मागं सारला आणि माथा चाचपला.

"अजून हाय व्हय?"

"हाय."

"मला वाटलं व्हतं, मी गेल्यावर तरी थांबलं असंल." ती हसली, पण डोळे हसले नाहीत. मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "हितं मागून काय उपेग? हितल्या भिंतींनी तुजं खोटं ऐकलं न्हवतं. तितं घरात सांगितलंस का?"

"न्हाय."

"मग चा पी आनि जा."

परतीच्या गाडीत मी दुसऱ्याच एका गोष्टीचा विचार करत होते. ती गेल्यावर चटणीत केस का निघाला नाही? माझा हात तर थांबला नव्हता. आणि मग मला आठवलं. चिगव्वा गेली त्याच आठवड्यात अव्वानं पोटमाळा बंद केला. माळ्यावर उंदीर झालेत, पुढच्या खोलीत अभ्यास कर, म्हणाली. आणि माझं अंथरूण ती स्वतः गोळा करू लागली. घर मी झाडायची, पण माझा कोपरा पहाटे उठून अव्वा झाडायची, रोज, माझं लग्न होईपर्यंत. मी त्याला माया समजत होते. मायाच होती ती. पण अव्वाला काय माहीत होतं, आणि कधीपासून? लिंबू बांधताना हात का थरथरला? माझ्या केसांतली बोटं नेमकी केव्हा आवळली? ज्या घरात सगळे सगळ्यांवर संशय घेत होते तिथं मी एका माणसावर तो घ्यायचा विसरले होते.

अव्वा आता ऐंशीच्या पुढं आहे. धंदा बंद झाला, पण उखळ आहे आणि घरापुरती चटणी ती अजून स्वतःच त्यात कुटते. मी गेले तेव्हा ती सुपात शेंगा घेऊन बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. माळा, फळ्या, पुस्तकाची घडी, "न्हाय" म्हणाले ते. ती शेंगा फोडत राहिली.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

तिनं मांडीवरची टरफलं झटकली. मग ती म्हणाली, "करनी उतरती गं. येड चिकटतं. पोरीच्या नावावर येड चिकटलं असतं तर कोन करून घेतलं असतं तुला?"

"आणि चिगव्वा?"

तिनं सुपातली पुढची शेंग उचलली. मी ओरडले नाही. मला ओरडायचा हक्क नव्हता. आम्ही दोघींनी मिळून केलं होतं ते, एकमेकींना न सांगता. मी मोबाईल काढला, करकंबचा नंबर लावला आणि पलीकडून "कोन?" ऐकू आल्यावर तो अव्वाच्या हातात दिला. ती तो फेकून देईल असं वाटलं. तिनं तो कानापासून लांब, तोंडासमोर धरला, परक्या माणसासमोर बोलल्यासारखी ताठ बसून.

"मी शुक्रवार पेठेतनं बोलती," ती म्हणाली. "कुटायला मानूस न्हाय हितं. चटनी बिघडलीय. ये म्हनती मी."

मग चिगव्वाचा आवाज, जुन्या धारेचा, मला सुद्धा ऐकू आला. "आनि केस निघाला तर, जाऊबाई?"

अव्वानं माझ्याकडं बघितलं. माझा डावा हात पदराखाली माथ्यावर गेलेला होता; तो तिथं आहे हे मला तिच्या नजरेवरून कळलं. "हात खाली" असं ती म्हणाली नाही. तिनं शेंगांचं सूप पायानं माझ्याकडं सरकवलं.

"निघाला तर आमचाच असंल," ती फोनमध्ये म्हणाली.

पलीकडं कुणीतरी कोंबड्या हाकलत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मी एक शेंग फोडली. दुसरी फोडली.

"बगती," चिगव्वा म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.